वर्डस्टार 3.0 सोबत सहा आठवडे: टीकाकारांचं म्हणणं बोटांनी तपासताना

आठवडा 1

ईएसपी32 या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर रनसीपीएम (जुनी सीपी/एम कार्यप्रणाली चालवणारा प्रोग्राम) बसलं आणि रविवारी रात्री वर्डस्टारचा, म्हणजे त्या काळच्या वर्ड प्रोसेसरचा, सुरुवातीचा मेनू पडद्यावर आला. हा सगळा खटाटोप एका प्रश्नासाठी आहे. मे 1983 मध्ये 'बाइट' मासिक या प्रोग्रामबद्दल लिहितं की वैयक्तिक संगणकांवर बहुधा हाच सर्वांत जास्त वापरला जातो. त्याच काळात शिकायला किचकट म्हणून त्याच्यावर सडकून टीकाही होते. खरं काय, ते मला वाचून नाही, टाइप करून ठरवायचंय. रोज एक तास, आणि लिखाण कामाचं.

सुरुवातीच्या दोन संध्याकाळी टर्मिनल (पडदा आणि कीबोर्डची जोडी) जुळवण्यात गेल्या. इन्स्टॉल करताना आपला टर्मिनल कोणता ते प्रोग्रामला सांगावं लागतं. निवड चुकली की पडद्यावर चिन्हांची खिचडी. वैताग आला, पण त्यातून एक गोष्ट कळली. मायकेल श्रेयरने डिसेंबर 1976 मध्ये अल्टेअर या सुरुवातीच्या घरगुती संगणकासाठी 'इलेक्ट्रिक पेन्सिल' हा वर्ड प्रोसेसर आणला आणि पुढे वेगवेगळी यंत्रं, वेगवेगळे प्रिंटर यांच्यासाठी त्याच्या 78 आवृत्त्या लिहिल्या. हा आकडा मला आजवर अतिशयोक्त वाटायचा. आता वाटत नाही. सेमूर रुबिनस्टाइनच्या मायक्रोप्रो कंपनीसाठी रॉब बार्नबीने 1978 मध्ये वर्डस्टार लिहिला, तेव्हा हा गुंता इन्स्टॉल प्रोग्रामच्या हवाली केला. परीक्षणांत या कामाचं कौतुक क्वचितच दिसतं.

आठवडा 2

कॅप्स लॉकची कळ कंट्रोल करून घेतली. हे ज्याने केलं नाही त्याने वर्डस्टारबद्दल मत देऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन. त्या काळच्या एडीएम-3एसारख्या टर्मिनलवर कंट्रोल 'ए'च्या शेजारीच असायची. तशी ती आली की कंट्रोल धरून दाबायच्या कर्सरच्या कळांचा चौकोन हाताखाली बसतो: ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. त्याच्या बाहेरच्या बाजूला ए आणि एफ एकेक शब्द ओलांडतात. आधी कंट्रोल-क्यू दाबली की तीच दिशा लांब पल्ल्याची होते, म्हणजे क्यू-एस ओळीच्या सुरुवातीला आणि क्यू-डी शेवटाला नेते. यात पाठांतर नाही, भूगोल आहे.

अडलं ते कंट्रोल-एपाशी. माझा टर्मिनल प्रोग्राम ती कळ स्वतःच्या आज्ञांसाठी राखून ठेवतो, त्यामुळे ती वर्डस्टारपर्यंत पोहोचतच नव्हती. सेटिंग बदलल्यावर सुरळीत झालं.

मॅन्युअलबद्दल मात्र टीकाकारांच्या बाजूने कौल. 'पीसी मॅगझिन'ने ते अगदीच अपुरं ठरवलं होतं, आणि ते भरून काढायला बाहेरच्या लेखकांची पुस्तकं निघाली. त्यांतल्या एका पुस्तकाचा लेखक आर्थर नायमन याला वर्डस्टार मुळीच आवडत नव्हता. हे पुस्तक वर्डस्टारमध्ये लिहिण्याची सक्ती नसावी, अशी अट त्याने प्रकाशकाशी केलेल्या करारातच घालून घेतली! मी स्कॅन केलेलं मॅन्युअल दोन दिवस चाळलं आणि मिटून ठेवलं. शिकवलं ते पडद्यावरच्या मदतीने. कंट्रोल-के दाबून क्षणभर थांबलं की ठोकळ्यांच्या (निवडलेल्या मजकुराच्या) आज्ञांचा मेनू उघडतो, आणि आज्ञा पाठ असेल तर तो मध्ये येत नाही. इतकी समजूतदार रचना मी आजच्या प्रोग्राममध्येही फारशी पाहिलेली नाही.

आठवडा 3

मंगळवारी एक परिच्छेद वर नेला. के-बी (ठोकळ्याची सुरुवात), के-के (शेवट), के-व्ही (हलवा). बोटांनी काय केलं ते नंतर लक्षात आलं. त्याच दिवशी मदतीची पातळी 3 वरून 1 वर आणली.

इथे माझं मत बनू लागलं. शिकायला अवघड असल्याची टीका पहिल्या दोन आठवड्यांपुरती शंभर टक्के खरी आहे. पण महिनोन् महिने एकच प्रोग्राम वापरणारी माणसं वेगळंच लिहितात. अमेरिकन पत्रकार जेम्स फॅलोज यांनी जुलै 1982 च्या 'अटलांटिक' मासिकात सोल-20 संगणक आणि इलेक्ट्रिक पेन्सिलसोबतच्या दिवसांबद्दल लिहिलं, ते सोबत राहिलेल्या माणसाचं लिखाण आहे. विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांनी '2010'ची कादंबरी श्रीलंकेत वर्डस्टारवर लिहिली आणि कोलंबोहून न्यूयॉर्कला एका डिस्केटवर पाठवली. किती दिवस वापरून मत दिलं, हे प्रत्येक परीक्षणात वर छापायला हवं होतं.

आठवडा 4

दोनच तास जमले. डॉट आज्ञा (ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन लिहायच्या) पाहिल्या. डॉट-पीए लिहिलं की नवं पान, आणि पान कुठे तुटतं ती रेघ तिथल्या तिथे दिसते.

आठवडा 5

फाइल लॅपटॉपवर उघडली तर जवळपास प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर बिघडलेलं. डॉक्युमेंट मोडमध्ये वर्डस्टार त्या अक्षराचा आठवा बिट चढवून ठेवतो. तो उतरवायला युनिक्सच्या टीआर आज्ञेची ही ओळ पुरते:

टीआर '\२००-\३७७' '\०००-\१७७'

(आज्ञा आणि आकडे अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.) आपल्या इस्कीने (भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतपद्धतीने) देवनागरी त्याच वरच्या 128 जागांत बसवली, तेव्हा या मोडमध्ये दोन्ही एकत्र नांदणं कठीणच.

वाचनात या आठवड्यात वर्डस्टार 2000 होता. 1984 च्या अखेरीस मायक्रोप्रोने नवशिक्यांना सोपं जावं म्हणून नव्या आज्ञा आणि नवं फाइल स्वरूप आणलं. जुन्या वापरकर्त्यांची बोटं आणि फाइली, दोन्ही त्यात निकामी झाल्या. मला या सगळ्या इतिहासात हे सर्वांत जास्त लागतं, कारण हजारो लोकांचा सराव हीच त्या प्रोग्रामची खरी कमाई होती. 1987 ची वर्डस्टार 4 आवृत्ती परत जुन्या वळणावर आली, तीही कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी केलेल्या 'न्यूवर्ड'च्या आधाराने.

आठवडा 6

आता वेग आजच्या एडिटरइतकाच आहे, आणि हात मधल्या ओळीवरून हलत नाहीत. एक टीका तपासायची राहिली: संथपणा. माझ्या बोर्डवर ओव्हरले फाइल (प्रोग्रामचा लागेल तेव्हा वाचला जाणारा भाग) मेमरी कार्डावरून डोळ्याचं पातं लवायच्या आत येते, खऱ्या फ्लॉपीवर तसं नव्हतं. फ्लॉपी ड्राइव्ह जोडल्याशिवाय त्यावर बोलणार नाही.

पुढचा मुक्काम मायक्रोसॉफ्ट वर्ड, 1983. त्यावर 'बाइट'ने माउसच्या वापरावरून कडक लिहिलं होतं, तेही असंच सहा आठवडे तपासेन. कंट्रोल 'ए'शेजारी असलेला जुना एक्सटी कीबोर्ड लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्या भंगारात कुणाला दिसला, तर जरूर कळवा. तो आजच्या संगणकाला जोडायचा रूपांतरक मी बनवून ठेवलाय.