खटका शोधला गीझरवर, सापडला नळाला

फोंड्याच्या आमच्या घरात दोन न्हाण्या. माडीवर ३ लिटरचा इन्स्टंट गीझर, खाली आईच्या न्हाणीत १५ लिटरचा साठवणीचा. गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन्हीकडून तक्रारी आल्या. वरचं पाणी कोमट, आणि खालचं इतकं कढत की नळाखाली हात धरताच आई ओरडलीच.

आधी वरचा घेतला. तापमान वाढवायचा खटका कुठेतरी असणारच म्हणून स्टुलावर चढून गीझर चारी बाजूंनी चाचपला. एका लाल दिव्यापलीकडे काही नाही. कॉइल गेली, असं मी ठरवूनच टाकलं आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला. त्याने विचारलं, बादली किती वेळात भरते? म्हटलं, भसाभस भरते. तर म्हणाला, "उदक इल्लें कमी सोडा, हून येतलें." (पाणी थोडं कमी सोडा, गरम येईल.) मला वाटलं, पावसात यायचा कंटाळा करतोय.

तरी घड्याळ लावून बसलो. २० लिटरची बादली ३ मिनिटांत भरली. मग कागद-पेन्सिल घेतली. गीझर ३ किलोवॉटचा. मिनिटाला साडेसहा लिटर पाणी त्यातून धावत असेल, तर त्याला तो साडेसहा अंशच चढवू शकतो. टाकीतलं पाणी २६ अंश, म्हणजे नळाला ३२-३३. अंगावर घेतलं की शहारा येणारच. कॉइल बिचारी चोख काम करत होती. बिघाड मीच घडवला होता: मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीपासूनचा गंजून अर्धा बुजलेला लोखंडी पाइप काढून ऐसपैस प्लास्टिकचा टाकला होता. जुन्या पाइपातल्या गंजानेच इतकी वर्षं आम्हाला गरम पाणी पुरवलं होतं!

गीझरच्या खाली, गार पाणी आत जातं तिथे एक अँगल कॉक असतो. तो पाव-पाव फेरा आवळत गेलो. पहिल्याच दिवशी जास्त आवळला. डोक्याला साबण, पाणी छान कडक, आणि अचानक गार. लाल दिवाही गेलेला. थोड्या वेळाने पुन्हा कढत, पुन्हा गार. पाणी फारच हळू गेलं की आतला थर्मोस्टॅट तापून वीज तोडतो, हे तिथे डोळे मिटून उभ्या उभ्या शिकलो. मग कॉक जरा सैल केला. बादली ७ मिनिटांत भरू लागली तेव्हा पाणी ४१ अंशांवर स्थिरावलं. (मोजायला आधी तापाचा थर्मामीटर घेऊन गेलो होतो. तो ४२ पर्यंतच असतो, कढत पाण्यात फुटलाही असता. बायकोने हातातून काढून घेतला.) कॉकवर तिच्याच नेलपॉलिशची खूण करून ठेवली.

एक गोष्ट मात्र कॉकच्या हातात नाही. पावसात संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं. २३० चं १९० झालं की ३ किलोवॉटचा गीझर जेमतेम २ किलोवॉटचा उरतो. त्या दिवशी खुणेच्या थोडं पुढे आवळायचं, नाहीतर सकाळी न्हायचं.

आईच्या गीझरला मात्र खरीच कळ होती, खालच्या झाकणाआड लपवलेली. तिथे वायरी उघड्या असतात, म्हणून नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडला, टेस्टरने तपासलं आणि मगच स्क्रू काढले. कळ बसवल्या दिवसापासून ७५ वर होती. ५५ च्या आसपास आणली. आणखी खाली आणावी असं वाटलं होतं, पण साठवलेलं पाणी ५० च्या खाली कोमट राहू दिलं तर त्यात जंतू वाढायची भीती असते. गरम व्हायला आधी पंचवीसेक मिनिटं लागायची, आता पंधरा. विजेची बचत आहेच, पण मला आईच्या हाताची काळजी जास्त.

आईला अर्थात हे सगळं पटलेलं नाही. तिच्या माहेरी न्हाणीत चुलीवर तांब्याचं भाण असायचं. कढत पाणी तपेल्याने बादलीत घ्यायचं, वर गार ओतायचं, हात बुडवून बघायचं. "तुझा आकडा काय सांगतो ते मला नको," म्हणाली आणि अजूनही ती बादलीत कोपर बुडवूनच बघते.

७५ वरून ५५ वर आल्यावर पाणी पुरेना, हे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला कळलं. गार मिसळून आधी अडीच बादल्या व्हायच्या, आता दीड. दोघांची अंघोळ झाली की तिसरा पंचा गुंडाळून उभा. मुंबईहून आलेला भाऊ म्हणाला, कळ वाढव. मी एमसीबी पाडायला निघालो, तर आईनेच अडवलं. मागच्या अंगणात तिने तीन चिरे मांडून मोठं पातेलं केव्हाच चढवलं होतं.