लोटे रायनिगरची कात्री बघायला ट्यूबिंगेनला

स्टुटगार्टला येऊन दोन वर्षं झाली तरी ट्यूबिंगेन राहूनच जात होतं. शेवटी गेल्या शनिवारी निघालेच. ट्रेनने तासाभराचं अंतर. लोक तिथे नेकार नदीतल्या लांबट होड्या आणि काठावरची रंगीत घरं बघायला जातात, मीही बघितली, सुंदरच आहेत, पण माझा जीव अडकला होता तिथल्या शहराच्या म्युझियममध्ये. तिथे लोटे रायनिगरच्या कामाचं कायमचं प्रदर्शन आहे.

लोटे १८९९ मध्ये बर्लिनला जन्मली. कात्रीने काळ्या पुठ्ठ्याच्या बाहुल्या कापून ती सावल्यांचे अ‍ॅनिमेशन सिनेमे करायची. डिस्नीची स्नो व्हाइट १९३७ ची, आणि लोटेचा राजपुत्र आखमेदचा सिनेमा १९२६ चा! त्याच्या आधी अर्जेंटिनात झाले होते पण ते हरवले, त्यामुळे आज बघायला मिळतो असा सगळ्यात जुना पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशन सिनेमा हाच.

आत गेल्यावर मी बाहुल्यांसमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. पडद्यावर नुसती सावली दिसते, पण इथे काचेला नाक लावलं की कळतं, मान वेगळी, खांदा वेगळा, कोपर वेगळं, मनगट वेगळं, आणि प्रत्येक सांध्यात बारीकशी तार ओवलेली. पुठ्ठ्याच्या जोडीला शिशाचा पातळ पत्रा वापरायची, म्हणजे बाहुली काचेवर नीट पडून राहते. टेबलाची काच, खालून दिवा, वर कॅमेरा. हात केसभर हलवायचा, एक फोटो, परत केसभर, परत फोटो. पुढचं-मागचं दिसावं म्हणून काचेचे थर एकावर एक. डिस्नीकडे अशी थरांची मोठी मशीन आली ती नंतर बऱ्याच वर्षांनी. आणि कापताना कात्री जवळजवळ स्थिर ठेवून ती कागदच फिरवायची, हे मी आधी व्हिडिओत बघितलं होतं आणि तेव्हाच ठरवलं होतं की इथे यायचं.

एवढ्या मोठ्या सिनेमाला पैसा कुठून आला तर तीही गोष्टच आहे. १९२३ मध्ये जर्मनीत महागाई इतकी भडकली होती की नोटांना किंमत उरली नव्हती, म्हणून लुई हागेन नावाच्या बँकरने पैसे कच्च्या, म्हणजे अजून न वापरलेल्या, फिल्मच्या रिळांमध्ये घालून ठेवले होते. त्याने लोटेलाच विचारलं, मोठा सिनेमा करशील का? ती तेव्हा चोवीस वर्षांची. पोट्सडॅमला त्याच्या गॅरेजच्या माळ्यावर स्टुडिओ थाटला, नवरा कार्ल कोख कॅमेऱ्यावर, आणखी काही कलाकार मदतीला, आणि तीन वर्षं हेच काम! अडीच लाखांच्या आसपास फ्रेम काढल्या, वापरल्या त्यातल्या साधारण ९६ हजार.

पुढचं वाचताना मात्र गलबलून आलं. नाझी आल्यावर दोघांनी देश सोडला पण कायमचा व्हिसा कुठेच मिळेना, मग इंग्लंड, फ्रान्स, इटली असं फिरत राहिले आणि त्या फिरतीतही तिने सिनेमे केले. युद्ध संपत आलं तेव्हा आजारी आईसाठी परत बर्लिन गाठलं. १९४५ च्या लढाईत आखमेदची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली, आज आपण बघतो तो सिनेमा लंडनमध्ये वाचलेल्या प्रिंटमुळे. नंतर ती लंडनला गेली, टीव्हीसाठी परीकथा केल्या, आणि १९८० मध्ये ट्यूबिंगेनजवळच्या डेटेनहाउझेन गावात राहायला आली. पुढच्याच वर्षी गेली.

मी कुडाळची. पिंगुळीच्या ठाकर मंडळींचे चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ लहानपणी बघितलेत, पांढऱ्या कापडामागे दिवा आणि समोर रावण, तेव्हा मी बाबांना घट्ट धरून बसायचे. त्यामुळे इथे काळा राजपुत्र उजेडासमोर दिसला आणि एकदम ओळखीचं वाटलं. फोटो काढून बाबांना पाठवला. आपल्या बाहुल्या बहुतेक अख्ख्या एकाच चामड्याच्या, त्यांना असे सांधे नसतात, म्हणून बाबांचा लगेच मेसेज, "हेचे हात हलतत?"

मी परत आत गेले आणि पडद्यासमोर फोन धरून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. घोड्यावरून उडणारा राजपुत्र बघून बाबांनी आईला हाक मारली, आणि मग दोघंही गप्प बसून शेवटपर्यंत बघत होती.