जावक क्रमांक जुळत नव्हता

मार्चअखेर म्हणजे काय, हे जिल्हा परिषदेत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. निधी वेळेत खर्ची पडला नाही तर तो व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो, म्हणून लेखा शाखेत रात्री दहालाही दिवे चालू असतात आणि चहाचे कप फायलींवरच ठेवलेले असतात. २०२५ साली तर २८ मार्चला शुक्रवार होता. पुढे शनिवार, रविवारी पाडवा, सोमवारी ईद. आम्ही तिन्ही दिवस येणारच होतो, पण इतर कार्यालयांत फोन कोण उचलणार याची शाश्वती नव्हती. हे आम्हाला जसं माहीत होतं, तसं आणखी कुणालाही कॅलेंडर बघून कळलं असतं.

मी संगणक कक्षात कंत्राटी तत्त्वावर आहे, नऊ वर्षं झाली. त्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी लेखा शाखेतल्या ताई दारात आल्या. वरिष्ठ सहायक, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. जिना भराभर चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

"दादा, माझ्याकडून काहीतरी झालंय. मी पासवर्ड टाकला. ओटीपीपण टाकला."

मी त्यांना बसायला सांगितलं आणि त्यांच्याच मोबाइलवर ते पत्र पाहिलं. खरं सांगतो, पहिल्या वाचनात मलाही त्यात खोट दिसली नाही. विषय, संदर्भ, "उपरोक्त विषयास अनुसरून", अखर्चित निधीची माहिती प्रपत्र 'अ' मध्ये आजच सादर करावी, निरंक असल्यास तसे कळवावे, विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. शेवटी प्रतिलिपीची नावंही बरोबर क्रमाने. आतापर्यंत आम्ही प्रत्येक प्रशिक्षणात एकच गोष्ट घोकून घेत आलो होतो की बनावट मेलचं मराठी मोडकं असतं. 'आपले खाते बंद केले जाईल आहे' असलं काही दिसलं की समजायचं. ती खूण आता उरली नाही. आमची परिपत्रकं संकेतस्थळावर असतात, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार ती तिथे असायलाच हवीत, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं भाषा लिहिणारं यंत्र नेमकं त्यांवरूनच आमची शैली उचलतं. परिपत्रकं झाकून ठेवणं हा काही उपाय नव्हे. लोकांचा त्यांवर हक्क आहे.

पत्रापाठोपाठ फोन आला होता. अनोळखी नंबर, पण आवाज कॅफो साहेबांचा, म्हणजे आमच्या मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांचा. "मॅडम, व्हीसीत आहे, पटकन बोलतो. ते प्रपत्र पाच मिनिटांत भरा." तो साहेबांचाच आवाज होता, हे ताई शपथेवर सांगत होत्या. बोलताना मध्येच घसा खाकरायची सवयसुद्धा तीच. साहेब त्या वेळी जिल्हाधिकारी कार्यालयात खरोखरच व्हीसीला, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीला, बसले होते, मोबाइल बंद करून. त्यांची प्रशिक्षणाची व्हिडिओ भाषणं यूट्यूबवर तासन् तास पडून आहेत. तीन सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाचा आवाज उभा करणारं संशोधन मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्येच मांडलं होतं. इथे तर नमुना तासांचा होता.

"मग तुम्हाला संशय कशाने आला?" मी विचारलं.

"फोन ठेवल्यावर लक्षात आलं. साहेब मला मॅडम म्हणत नाहीत हो. ताई म्हणतात."

लिंकवरचं पान आमच्या सरकारी ईमेलच्या पानासारखंच दिसत होतं. पत्त्याच्या सुरुवातीला ओळखीची अक्षरं होती, पण पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधीचा शेवट gov.in नव्हता, भलताच होता. असलं पान मधल्या दलालासारखं काम करतं. तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि ओटीपी ते त्याच क्षणी खऱ्या पानाकडे पोचवतं आणि उघडलेलं लॉगिनचं सत्र स्वतःकडे ठेवतं. त्यामुळे नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण चोर आधीच आत आलेला असतो. सगळी चालू सत्रं तोडावी लागतात. मी तेच आधी केलं, मग पासवर्ड बदलला, मग सेटिंग उघडली. तिथे एक नवा नियम तयार झाला होता. ठरावीक पत्त्यांवरून येणारी उत्तरं बाहेरच्या एका मेलवर जावीत आणि ताईंच्या इनबॉक्समध्ये दिसूच नयेत, असा. तो काढण्याआधी स्क्रीनचा फोटो घेतला. नंतर 'पाठवलेले' उघडलं, आणि पोटात गोळा आला.

अकरा पंचायत समित्यांना ताईंच्या खऱ्या पत्त्यावरून पत्र गेलं होतं. विषय, पुरवठादाराच्या बँक खात्यातील बदलाबाबत. पुरवठादाराचं नाव खरं, कार्यादेशाचा क्रमांक खरा, देयकाची रक्कम रुपयापर्यंत बरोबर. सगळं त्या मेलबॉक्समधूनच उचललेलं. दहा मिनिटांत शेकडो मेल वाचून इतकं नेमकं शासकीय मराठी लिहिणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, ते यंत्राकडूनच करून घेतलं होतं.

आम्ही दोघांनी यादी वाटून घेतली आणि फोन लावायला सुरुवात केली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकलं, पण मार्चअखेरीला ग्रुप कोण वाचतं? सातव्या फोनला एका तालुक्याच्या कनिष्ठ सहायकाने माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"सर, मीच तुम्हाला फोन लावणार होतो. या पत्राचा जावक क्रमांक माझ्या आवक नोंदवहीत जानेवारीच्या पत्राला पडलेला आहे. एकच क्रमांक दोन पत्रांना कसा?"

म्हणून त्याने खात्यातला बदल थांबवून ठेवला होता. पाच वाजून पाच मिनिटांपर्यंत अकराही ठिकाणी निरोप पोचला. एका ठिकाणी नवीन खातं नोंदवून झालं होतं आणि देयक सहीसाठी टेबलावर होतं, ते तिथेच थांबवलं. पैसे गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून बँकांच्या मागे धावावं लागलं असतं, तेही सुट्ट्यांच्या तोंडावर. एक रुपयाही गेला नाही.

त्या कनिष्ठ सहायकाला नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याच्याकडे कुठलंही नवं सॉफ्टवेअर नव्हतं. बारनिशी, म्हणजे आवक-जावक नोंदवही, नीट ठेवायची आणि आलेलं पत्र त्यात बघायचं, एवढं त्याला कुणीतरी शिकवलं होतं. भाषा, आवाज, नाव, रक्कम, सगळं चोराला मिळालं. पण कागदाच्या त्या वहीत पुढचा क्रमांक कोणता, हे चोरापर्यंत पोचलं नव्हतं, कारण ती वही इंटरनेटवर नाही.

रात्री मी आमच्या फायरवॉलच्या नोंदी चाळल्या. तिच्यात वर्तन बघून धोका ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची सोय वर्षभरापूर्वी घेतली होती. तिने आपलं काम केलं होतं. चार वाजून नऊ मिनिटांनी, 'नुकत्याच नोंदलेल्या पत्त्यावर लॉगिनचं पान, धोका मध्यम' अशी सूचना पडून होती. त्या दिवसाच्या दोनशेहून अधिक सूचनांमध्ये ती गाडली गेली होती आणि त्या वाचणारा मी एकटा, तेव्हा बीडीएसचं, म्हणजे निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीचं, लॉगिन अडकलेल्या एका टेबलाशी उभा होतो. यंत्र खरेदी करताना निधी मिळतो. त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाचं पद मंजूर होत नाही. हे मी चार वेळा लेखी मांडलं आहे आणि पुढेही मांडत राहीन.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. आमच्याकडे जागेअभावी तीसच दिवसांच्या नोंदी होत्या. ही त्रुटी माझ्या कक्षाची, ती मी अहवालात स्पष्ट लिहिली. कळवण्यावरून मात्र वाद झाला. "पैसे गेले नाहीत ना, मग बोभाटा कशाला? मंगळवारी बघू," असं एक वरिष्ठ म्हणाले. मला नोव्हेंबर २०२२ मधलं दिल्लीचं एम्स आठवत होतं. सायबर हल्ल्याने सर्व्हर बंद पडल्यावर देशातल्या सर्वात मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला जवळपास दोन आठवडे कागदावर काम करावं लागलं. आमच्यावर वापरलेला पत्ता आज रात्री दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात फिरत असेल तर तिथल्या ताईंना कोण सावध करणार? साहेब व्हीसीहून परतले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पाठवा." आठ वाजून पन्नास मिनिटांनी अहवाल गेला.

त्याच रात्री संगणक तपासताना एका टेबलावर आणखी एक गोष्ट सापडली. एका चॅटबॉटला लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांकांसकट चिकटवून 'याचा गोषवारा करून दे' असं सांगितलेलं होतं. करणारा मुलगा कामसू, कुणाचं वाईट चिंतणारा नाही. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधनं वापरू नका म्हणून कळवलं होतं, आमच्याकडे तसं काही नव्हतं. चोराला फोन करून, आवाज बदलून जे मिळवावं लागतं, ते इथे आपण होऊन बाहेर गेलं होतं. त्या यादीतल्या विधवा, दिव्यांग माणसांना याची कल्पनाही नसेल. मला त्या शुक्रवारच्या हल्ल्यापेक्षा याने जास्त अस्वस्थ केलं.

मंगळवारी, १ एप्रिलला, ताईंना कारणे दाखवा नोटीस द्यायची म्हणून मसुदा तयार झाला. निष्काळजीपणाबद्दल. मी कंत्राटी माणूस, अशा गोष्टीत मत देण्याचा मला अधिकार नाही. तरी मी दोन पानांची टिप्पणी लिहिली. लिहिलं, की ताईंनी पासवर्ड टाकल्यापासून मला सांगेपर्यंत दहा मिनिटं गेली. भीतीपोटी त्या गप्प बसल्या असत्या तर तो नियम ईदच्या सुट्टीभर चालू राहिला असता आणि उत्तरं कुणालाच दिसली नसती. नोटीस निघाली तर या इमारतीतला पुढचा माणूस चूक झाल्यावर जिना चढून माझ्याकडे येणार नाही. आणि मला कळलंच नाही, तर जगातलं कुठलंही यंत्र माझ्या उपयोगाचं नाही.

टिप्पणी चार दिवसांनी परत आली. समासात साहेबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "पाहिले. नोटीस देण्याची आवश्यकता नाही. नस्तीबद्ध करावे. खाते बदलाच्या प्रत्येक पत्राची दूरध्वनीवरून खातरजमा करून नोंदवहीत वेळ लिहावी."

मागच्या महिन्यात मी लेखा शाखेत प्रिंटर बघायला गेलो होतो. ताईंचा फोन वाजला. पलीकडून साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला, "ताई, त्या देयकाचं..."

"ठेवते साहेब, मी लावते परत," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या यादीतून नंबर बघत एकेक आकडा दाबू लागल्या.