त्याची आई दोन ओळी खाली बसलीय

२०२५च्या मे महिन्यातली गोष्ट, पण अजून डोक्यातून जात नाही. आयर्लंडमधल्या कॅसलबारच्या मॅकहेल पार्कवर मेयो विरुद्ध कॅव्हन, या दोन काउंट्यांचा (म्हणजे जिल्ह्यांचा) गेलिक फुटबॉलचा सामना होता. मेयो आमची. मैदान घरचं, समोरचा संघ कागदावर तरी आमच्यापेक्षा हलका, आणि आमची काउंटी हरत चाललेली. आमच्या एका फॉरवर्डने सोपी फ्री किक बाहेर मारली आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "याला घेतलंयच कशाला संघात?" मराठीत म्हणाले असते तर निभावलं असतं. पण सहा वर्षांत चिडायची भाषाही बदलली आहे, मी इंग्रजीतच बोलले होते.

पुढच्या ओळीतली बाई मागे वळली. हातात थर्मासचं झाकण, त्यात चहा. आवाज जराही न चढवता म्हणाली, "त्याची आई दोन ओळी खाली बसलीय."

बस, एवढंच. ती पुन्हा मैदानाकडे बघायला लागली. माझे कान तापले होते. खाली हिरव्या-लाल टोप्यांमध्ये तीन-चार पांढऱ्या केसांच्या बायका बसल्या होत्या. त्यातली आई कोणती ते मला कळलं नाही, म्हणून मी सगळ्यांकडेच बघत राहिले.

मी कोल्हापूरची आहे. बाबांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण, असे तिथल्या तालमींचे फुटबॉल सामने बघत मोठी झाले. तिथे चुकलेल्या खेळाडूला काय काय ऐकावं लागतं हे वाचणाऱ्या कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्याची आई तिथे बसलेली नसायची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. स्टेडियमवर बायका कितीशा यायच्या?

हा खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पंधरा-पंधरा जणांचा संघ, चेंडू हातातही घेता येतो, गोलपोस्ट इंग्रजी 'एच'सारखे. आडव्या दांड्याखालून गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट, वरून गेला तर एक. २०२५च्या नव्या नियमांनी चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन. ब्याऐंशी हजार लोक डब्लिनचं क्रोक पार्क मैदान भरून टाकतात, पण मैदानावरच्या कुणालाही पगार नाही. हे मला पहिल्या वर्षी खरंच वाटेना. रविवारी टीव्हीवर दिसलेला माणूस सोमवारी शाळेत गणित शिकवत असतो. डब्लिनला नोकरी करणारी पोरं आठवड्यातून दोनदा पार इकडे पश्चिमेला सरावाला येतात आणि रात्री परत जातात. संघ बदलायची सोय जवळपास नाहीच, ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावभागात, वाढलात तिथल्या क्लबकडून खेळायचं. मग अशा पोराला शिवी कोण देणार? उद्या तोच तुमच्या मुलाच्या वर्गावर येणार असतो.

पण त्याच दिवशी, त्याच ओळीत, माझ्या शेजारी आमचे शेजारचे आजोबा बसले होते. माझा मुलगा त्यांना आजोबाच म्हणतो, त्यांनीही तो शब्द आपलासा केलाय. उरलेला सगळा वेळ आजोबा मॅनेजरला बोलत होते. बदली उशिरा केली, तिसऱ्या माणसाला उगाच मागे ओढलं, किक-आउटला (गोलकीपर चेंडू मारून खेळ पुन्हा सुरू करतो त्याला) काही योजनाच नाही. अजिबात हळू नाही, चांगलं चार ओळी खाली ऐकू जाईल असं. त्यांच्याकडे मात्र कुणी वळून बघितलं नाही. उलट मागून दोघांनी होकार भरला.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "मॅनेजरला आई नसते का?" त्यावरून आमचा जो वाद सुरू झाला तो आजतागायत चालू आहे. तो समजायला २०१६ सांगावं लागेल.

मेयोने ऑल-आयर्लंड स्पर्धा शेवटची जिंकली १९५१ साली. त्यानंतर फायनलला किती वेळा जाऊन हरले ते इथे मोजलं जात नाही. १९५१च्या संघाला लागलेल्या शापाची एक गोष्ट आहे, बाहेरचे पत्रकार ती दरवेळी उकरून काढतात, मी ती सांगणार नाही. तर २०१६च्या फायनलमध्ये समोर डब्लिन. पहिला सामना बरोबरीत सुटला. डब्लिनचे दोन्ही गोल मेयोच्याच खेळाडूंकडून स्वतःच्या जाळ्यात गेलेले, तरीही बरोबरी! पुन्हा खेळायचं ठरलं, १ ऑक्टोबरला. आणि मॅनेजर स्टीफन रॉचफर्डने गोलकीपर बदलला. डेव्हिड क्लार्कला बसवून रॉब हेनेलीला उतरवलं.

कारण होतं. या खेळात गोलकीपरची किक-आउट म्हणजे अर्धी लढाई. डब्लिनचे लोक क्लार्कच्या किक-आउटवर चढून येत होते, हेनेलीचा पाय लांब पल्ल्याचा. मग दुसऱ्या अर्धात एक उंच चेंडू हेनेलीच्या हातातून सुटला, तो परत मिळवताना फाउल झाला, ब्लॅक कार्ड मिळून तो सामन्याबाहेर गेला, डब्लिनला पेनल्टी मिळाली, डीरमुड कॉनोलीने गोल केला. क्लार्कला मग उतरावं लागलं ते असं. मेयो एका पॉइंटने हरलं. त्या वर्षीचा सर्वोत्तम गोलकीपर म्हणून ऑल-स्टार मिळाला तो क्लार्कलाच.

आजोबा म्हणतात, हातून काही चूक न झालेल्या गोलकीपरला फायनलच्या तोंडावर बदलणं हा गुन्हा आहे आणि तो मॅनेजरचा आहे. माझं म्हणणं वेगळं आहे आणि मी ते इथेही ठामपणे लिहिते: निर्णय चुकीचा नव्हता, निकाल वाईट लागला. हेनेलीच्या चार लांब किक मेयोच्या हातात पडून कप आला असता तर याच गावाने रॉचफर्डचा पुतळा उभारला असता. सामना संपल्यावर शहाणं व्हायला काही लागत नाही. एक गोष्ट मात्र आजोबांची मानते. जुगार मॅनेजरने खेळला आणि हरल्यावर देणं फेडावं लागलं ते पोराला.

आणि ते त्याने फेडलं. ऑगस्ट २०२१, सेमीफायनल, पुन्हा डब्लिन. आम्हाला इथे येऊन दोन वर्षं झाली होती, खेळ फारसा कळत नव्हता. लॉकडाउननंतर नुकतं एकमेकांच्या घरी जाणं सुरू झालेलं, आजोबांनी आम्हाला टीव्हीवर सामना बघायला बोलावलं. मध्यंतराला डब्लिन सहा पॉइंटांनी पुढे. आजोबा चहा करायला उठले ते बराच वेळ आलेच नाहीत. मग मेयो एकेक करत जवळ आलं. सामना संपता संपता एक पॉइंट मागे असताना पंचेचाळीस मीटरवरून किक मिळाली आणि ती मारायला आपलं गोल सोडून पुढे आला गोलकीपर, रॉब हेनेली. पहिली किक बाहेर गेली. डब्लिनच्या खेळाडूने आगळीक केली म्हणून रेफ्रीने पुन्हा मारायला लावली.

आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मुकाट चित्रात तो माणूस मागे सरकला, चेंडूकडे बघितलं, पोस्टकडे बघितलं, आणि मारलं. वरून गेला. बरोबरी! मग वाढीव वेळेत मेयो जिंकलं, गोल एकही नाही, सतरा पॉइंट विरुद्ध चौदा. २०१४ नंतर डब्लिन पहिल्यांदाच चॅम्पियनशिपचा सामना हरलं. आजोबा रडत होते आणि मी माझ्या नवऱ्याकडे बघत होते, कारण एका पॉइंटसाठी ऐंशीच्या घरातला माणूस का रडतोय ते आम्हाला कळत नव्हतं. मग त्यांनी २०१६ सांगितलं. पुढे फायनलला टायरोनने हरवलं, ते त्या रात्री कुणाला ठाऊक होतं?

तर, मॅनेजरला आई नसते का? रॉचफर्ड मेयोतल्याच क्रॉसमोलिनाचा. कॅव्हनच्या सामन्याच्या वेळी मॅनेजर होते केविन मॅकस्टे, तेही मेयोचेच, बॅलिनाचे, १९८५चे ऑल-स्टार. त्यानंतर ते प्रकृतीच्या कारणाने रजेवर गेले आणि जूनमध्ये मेयो स्पर्धेबाहेर पडल्यावर काउंटी बोर्डाने त्यांना मोकळं केलं. आजारी माणसाला असा निरोप द्यायची ही पद्धत नव्हे. बोर्डाच्या पत्रकातला कोरडेपणा इथल्या पुष्कळांना लागला, आजोबांनाही. मी लगेच म्हटलं, "बघा! तुम्हीच त्या दिवशी..." त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाले, "त्याचा खेळ वाईट होता असं मी म्हणालो, माणूस वाईट होता असं नाही. आणि हे बघ, मॅनेजरने स्वतः होऊन पद मागितलेलं असतं. पोराला बोलावलेलं असतं."

त्यांचं हे वाक्य मी खूप घोळवलंय. मॅनेजर मैदानाच्या कडेला जी बंडी घालतो तिच्यावर आयरिश भाषेत 'बॅनिश्टोर' लिहिलेलं असतं. ती बंडी घातली की माणसाने सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, हा इथला करार आहे म्हणे. मला तो पूर्ण पटत नाही. २०१५ साली खेळाडूंनीच ठराव करून दोन मॅनेजरना घालवलं होतं, तेव्हा वर्षभराने त्या दोघांनी मुलाखत देऊन आपली बाजू मांडली. गावाला ते आवडलं नाही. म्हणजे बोलायचं सगळ्यांनी, ऐकायचं मॅनेजरने.

भावाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आपल्याकडं बी तालीम म्हंजे हेच की. पेठेतली पोरं, पेठेचा मान. तू काय नवीन सांगालीस?" खरं आहे त्याचं, आणि मला अभिमान आहे. आयर्लंडला पॅरिश आहे तशी आम्हाला पेठ आहे, आणि पेठेसाठी जीव टाकायला आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. पण मीही त्याला सोडलं नाही. गेल्या काही वर्षांत तालमींनी परदेशातून खेळाडू आणले, नायजेरियासारख्या लांबच्या देशांतून. चांगली पोरं आहेत ती, पण ज्याचं घर गल्लीत नाही त्याच्यावर ओरडताना कुणाची जीभ अडखळणार? भाऊ जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "तू आता तिकडचीच झालीस."

हे मला लागलं. मी तिकडची झाले नाही. त्याच उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आई रोज रडत फोन करायची, परत या म्हणायची. त्या आठवड्यात आजोबा दारात येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "सरावाला पोराला मी नेतो आणि मी आणतो." महिनाभर नेलं-आणलं. कुठल्या पारड्यात काय टाकायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, मी माझं ठरवलं. परतीचं तिकीट काढलं नाही याची मला खंत नाही.

आता मेयोचा मॅनेजर अँडी मोरन आहे, २०१७चा सर्वोत्तम फुटबॉलपटू. गावात सगळ्यांचा लाडका. हा लाडका माणूस ती बंडी घालून किती दिवस लाडका राहतो, याची मला काळजी वाटते.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, क्लबच्या छोट्या संघात गोलकीपर. गेल्या शनिवारी पावसात एक उंच चेंडू त्याच्या हातातून निसटला आणि गोल झाला. मला २०१६ आठवलं. कडेला उभे असलेले आईबाप "काही हरकत नाही" म्हणत टाळ्या वाजवत होते. आजोबा छत्री मिटून सरळ प्रशिक्षकाकडे गेले. तोही गावातलाच, बिनपगारी, दोन मुलांचा बाप. त्याला म्हणाले, "फुल-बॅकला एवढा पुढे कुणी पाठवला? पोराला एकटं पाडलंस तू." प्रशिक्षकाने मान डोलावली.

गाडीत मुलगा मागे बसून चिखलाचे हातमोजे काढत होता. "आई, रॉबच्या हातातून चेंडू सुटला त्यानंतर त्याने ती किक किती वर्षांनी मारली?"

"पाच."

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. मग विचारलं, घरी गेल्यावर मोजे धुवून हीटरवर टाकले तर मंगळवारपर्यंत वाळतील का?