टर्नशीट, फ्लॉपी आणि आमचे रुसलेले खेळाडू : आमची वाटचाल

आमची कंपनी पोस्टाने खेळायचे गेम चालवते. खेळाडू आपल्या ऑर्डर टर्नशीट नावाच्या कागदावर लिहून पाठवतो, आम्ही त्या कॉम्प्युटरमधे टाकतो आणि काय झालं त्याचा रिपोर्ट परत पाठवतो, ही झाली एक टर्न. पहिलंच सांगून टाकतो, ऑर्डर भरायला आम्ही खेळाडूंना जे सॉफ्टवेअर दिलं ते बरोबर होतं. १९९६ ला बरोबर होतं आणि आज वेबसाइटवर जे चालतं ते त्याचंच पोर आहे. हे आधी सांगायचं कारण, आमच्या कंपनीचा विषय निघाला की जुने खेळाडू अजून त्या एकाच वर्षावर येऊन थांबतात, बाकीची वर्षं आम्ही जणू झोपा काढत होतो.

कंपनी १९८९ ला इंग्लंडमधल्या लेस्टरमधे सुरू झाली, मी आणि माझा पार्टनर. तो इंग्रज, मी मूळचा सांगलीचा, दोघं एकाच इन्शुरन्स ऑफिसात कॉम्प्युटर सेक्शनला होतो. तो अमेरिकेतल्या फ्लाइंग बफेलो कंपनीचा स्टारवेब हा पोस्टाने खेळायचा अवकाशातला गेम खेळायचा, १५ खेळाडू, २५५ ग्रह, सहा प्रकारच्या भूमिका, आणि हा दर वेळी पायरेटच, म्हणजे लुटारूच मागायचा, यावरून माणूस ओळखा. फ्लाइंग बफेलोच्या रिक लूमिसने १९७० ला सैन्यात असताना पोस्टाने गेम चालवायला सुरुवात केली आणि पुढे टर्न काढण्यासाठी रेथिऑनचा ७०४ कॉम्प्युटर घेतला, ही गोष्ट पार्टनर मला चहाच्या सुट्टीत इतक्यांदा सांगायचा की शेवटी मीच म्हटलं चल करू आपण. नियम त्याचे, टर्बो पास्कल या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्राम माझा. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर वेगळंच छापून आलं होतं.

प्रिंटर एप्सनचा रुंद डॉट मॅट्रिक्स, दोन्ही कडांना भोकं असलेला कागद. प्रिंटिंग रात्री, कारण दिवसा दोघंही नोकरीवर, आणि घर लाइनीतलं, शेजाऱ्याची आणि आमची भिंत एकच. प्रिंटरच्या आवाजाला वैतागून शेजारीण भिंतीवर चप्पल मारायची. मुलं शाळेतून आली की कागदाच्या कडेच्या पट्ट्या फाडायला बसायची, पट्ट्यांचे ढीग व्हायचे. पुढे शांत चालणारा लेझरजेट घेतला तर शेजारणीने केक आणून दिला. आणि वजन! ते आत्ताच्या पोरांना माहीतच नाही. तेव्हा ६० ग्रॅमपर्यंत साधा स्टँप चालायचा, ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-फोर कागद म्हणजे ५ ग्रॅम, पाकिटाचं वजन धरलं की १० पानं बसतात, अकरावं घातलं की काटा वर. म्हणून आमचा रिपोर्ट कायम १० पानांत. खेळाडू म्हणायचे फाँट बारीक का, तर यामुळे.

टर्नशीट टाइप करायचं काम बायकोचं. ती आधी फक्त मदत म्हणून बसली आणि मग तिच्याशिवाय डेडलाइन निघेना अशी वेळ आली. जर्मनीतले खेळाडू एकची शेंडी इतकी लांब ओढतात की तो आपल्याला सात वाटतो, त्यांच्या खऱ्या सातला मधे आडवी रेघ असते. लीड्सचा एक जण शून्य आणि सहा सारखाच काढायचा. हिने एक वहीच केली, अकाउंट नंबर आणि पुढे त्या माणसाच्या अक्षराच्या खोडी, सगळं मराठीत, आकडेसुद्धा मराठी. पार्टनरने एकदा हिला न विचारता त्या वहीवरून टर्न टाकली. त्याने आपल्या चारला इंग्रजी आठ वाचलं आणि एकला इंग्रजी नऊ, आणि बिचाऱ्या खेळाडूचा भलताच ताफा भलत्याच ग्रहावर जाऊन मेला. फ्री टर्न द्यावी लागली. ही कधी कधी पान बघूनच सांगायची, अहो, हा माणूस चिडलाय, बघा पेन कसं दाबलंय, आणि खरंच खाली समासात शिव्या असायच्या.

९० ते ९५ बद्दल लिहिण्यासारखं काही नाही, गेम भरत होते, पैसे येत होते.

तर ९५ ला डेल्फी हे प्रोग्राम लिहायचं नवं साधन आलं आणि विंडोजचा प्रोग्राम एकाच एक्झी फाईलमधे तयार होऊन १.४४ एमबीच्या फ्लॉपी डिस्कवर बसायला लागला. मी रात्री जागून ऑर्डर भरायचा प्रोग्राम लिहिला. मागच्या टर्नचा रिपोर्ट लोड करायचा, लिस्टमधून ऑर्डर निवडायची, प्रोग्राम बघणार की हा ताफा तुझाच आहे ना, इंधन पुरतंय ना, ग्रहाचा नंबर अस्तित्वात तरी आहे ना, आणि शेवटी फाईल बनवून देणार. ईमेल असेल तर फाईल ईमेल करा, नसेल तर फ्लॉपी पोस्टाने परत पाठवा, फ्लॉपी आमची, पाकीट आमचं, त्याच्यावरचा स्टँपसुद्धा आमचा. मला वाटलं लोक खूश होतील.

आलेली पत्रं अजून एका खोक्यात आहेत. पहिला गठ्ठा अमिगावाल्यांचा. इंग्लंडमधे तेव्हा घरोघरी अमिगा, अटारी एसटी, एकॉर्न असले कॉम्प्युटर, त्यांवर आमचा प्रोग्राम चालायचा नाही, विंडोजचा पीसी ऑफिसात. म्हणजे आम्ही गरीब म्हणून आम्हाला हाकलता का, असा सूर, आणि कागदी टर्नशीट चालूच राहणार हे मी पहिल्याच परिच्छेदात ठळक छापलं होतं हो. दुसरा गठ्ठा पैशाचा. तुमचं टायपिंग आम्ही करणार तर टर्नचे अडीच पौंड दोनवर का येत नाहीत. प्रोग्राम लिहायला गेलेल्या रात्रींचे पैसे कोण देणार हे कोणी विचारत नाही. तिसरे संशयी, की फ्लॉपीत सगळ्या खेळाडूंचा डेटा लपवलेला असणार आणि कोणी हुशार माणूस तो फोडणार. अरे बाबा, त्यात फक्त तुझाच रिपोर्ट आहे, दुसऱ्याचा घालायला जागा कुठंय.

पण खरे भारी होते ते जुने कसलेले खेळाडू. त्यांचं म्हणणं, चुका हा गेमचा भाग आहे. म्हणजे मी नियमांचं पुस्तक पाठ केलंय, इंधनाचा हिशोब हाताने करतो, म्हणून मी जिंकतो, आणि तुमचा प्रोग्राम कालच्या पोराला सांगणार की बाळा इंधन कमी पडतंय. हे ऐकून मी गप्प बसलो कारण त्यात थोडं तथ्य आहे. पण धंदा कालच्या पोरांवर चालतो. नवा माणूस दोन टर्न चुकीच्या ऑर्डरींमुळे वाया घालवून तिसऱ्याला सोडून जातो, मग दहा वर्षं खेळणारे एकमेकांशीच लढत बसणार का? आणि सगळ्यात कहर, एकाने लिहिलं की प्रोग्राम आल्यापासून तुमच्या टायपिंगच्या चुका बंद झाल्या त्यामुळे आम्हाला फ्री टर्न मिळत नाहीत!! हे पत्र बायकोने फ्रिजवर लावलं होतं.

समासाचा वाद वेगळाच. टर्नशीटच्या समासात लोक निरोप लिहायचे, चित्रं काढायचे, ख्रिसमसला मिठाईचा कागद चिकटवायचे. प्रोग्राममधे त्यासाठी मी एक चौकोन दिला पण पास्कलच्या स्ट्रिंगमधे तेव्हा २५५ च्या वर अक्षरं बसत नव्हती, म्हणून निरोप २५५ अक्षरांचा. तर म्हणे आमची तोंडं बंद केली. पार्टनर हसून म्हणाला, स्टारवेबच्या ग्रहांइतकीच अक्षरं आहेत की, पुरे झाली. तेव्हा तो अजून आमच्याच बाजूने होता, निदान मला तसं वाटत होतं.

ईमेलने वेगळाच घोळ घातला. काही मेल प्रोग्राम लांब ओळ परस्पर तोडायचे, काही प्रत्येक ओळीच्या आधी कंसासारखी खूण टाकायचे, आणि फाईल शाबूत आली का हे बघायला आम्ही घेत असलेली अक्षरांची बेरीज जुळेना. खेळाडू म्हणणार तुमचं सॉफ्टवेअर भिकार. मी ओळ ६० अक्षरांच्या आत आणली, मोकळ्या जागा आणि खुणा वाचतानाच गाळून टाकल्या, विषय संपला. तरुण मुलांनो, जे कोणी ॲप वगैरे बनवताय, देताना काटेकोर द्या आणि घेताना ढिलं घ्या, माणसं काय पाठवतील याचा नेम नाही.

आता प्रतिस्पर्ध्याबद्दल. नाव घेत नाही. उत्तरेतली कंपनी, आमच्यासारखाच अवकाशातला गेम, आमच्याहून दोन वर्षांनी धाकटा आणि आमच्या टर्नशीटशी इतका मिळताजुळता की रकाने सुद्धा त्याच क्रमाने. पत्रांचा पाऊस चालू असतानाच त्यांची पानभर जाहिरात आली, आम्ही अजून तुमचं अक्षर वाचतो. टर्नला पावणेदोन पौंड, पहिल्या तीन फुकट, कव्हरवर रंगीत चित्र. आणि त्याच महिन्यात माझ्या पार्टनरने सांगितलं की त्याला आता बदल हवाय. बदल म्हणजे त्याच कंपनीत गेम डिझायनर.

तो जाताना पत्त्यांची लिस्ट घेऊन गेला असं मी म्हणत नाही. एवढंच सांगतो, आमच्या लिस्टमधे एक नाव आम्ही मनाने तयार करून घातलेलं होतं आणि त्यापुढे पत्ता माझ्या वेम्बलीच्या मेव्हण्याचा. त्या नावाने जगात दुसरीकडे कुठेही पत्र जाऊ शकत नाही. मेव्हण्याचा फोन आला, भाऊजी, तुमच्या भुताला तीन टर्न फुकट मिळाल्यात, खेळू का? लिस्ट ठेवणाऱ्या प्रत्येकाने असं एक भूत ठेवावं, खर्च काही नाही.

जवळजवळ अर्धे खेळाडू गेले. अर्धे गेले म्हणजे नुसतं उत्पन्न अर्धं होत नाही हे धंद्यातल्यांना कळेल, गेममधे रिकाम्या जागा पडतात आणि शेजारचं साम्राज्य निपचित पडलं की उरलेल्यालाही मजा येत नाही, तोही सोडतो. त्यातच स्टँप २५ चा २६ पेन्स झालेला. कागदवाल्याने उधारी बंद केली. मी ऑफिसची नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडलेली होती, बायकोने शाळेत डिनर लेडीचं काम धरलं, मुलांना जेवण वाढून तीनला घरी यायची आणि उरलेल्या टर्नशीट टाइप करायला बसायची. दोन अर्धवट गेम तसेच बंद करून खेळाडूंना क्रेडिट परत दिलं. पूर्ण दिलं. त्यासाठी गाडी विकली. सांगलीहून वडिलांचं पत्र, पोस्टाचा धंदा आहे तर सरकारी नोकरीसारखाच असेल ना, मग अडचण काय? काय उत्तर देणार.

या सगळ्यात एका माणसाबद्दल लिहिलंच पाहिजे. वेल्समधल्या स्वानसीचे एक गृहस्थ, रेल्वेत सिग्नलमन होते, पहिल्या गेमपासून आमच्याकडे. ऑर्डर टाइपरायटरवर लिहून पाठवायचे, रात्रपाळीत केबिनमधे बसून. हिच्या वहीत त्यांच्या नंबरापुढे अक्षराची खोडी नाही, नुसतं "देवमाणूस" एवढंच. सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यांच्याकडे पीसीच काय, टीव्हीसुद्धा जुना होता. त्यांनी तक्रारीचा एक शब्द लिहिला नाही, फ्लॉपी खिशात घालून लायब्ररीत गेले, तिथल्या बाईंना विचारून विचारून शिकले, आणि पुढच्या टर्नबरोबर दोन पानी टाइप केलेली यादी. अमुक खिडकीत एंटर दाबलं की सेव्ह व्हायच्या आत बंद होते. तमुक लिस्टमधे ग्रह नंबराने लावा, नावाने नको, कारण आम्ही नंबराने बोलतो. इंधनाचा इशारा लाल रंगात देऊ नका, रेल्वेत लाल म्हणजे थांबा, आणि इंधन कमी असलं तरी कधी कधी मुद्दाम निघायचं असतं.

हे शेवटचं वाचून मी खुर्चीतून उठलो. कसलेल्या खेळाडूंचं सगळं भांडण या एका ओळीत होतं, फक्त शिव्या वजा. पुढच्या व्हर्जनमधे इशारा पिवळा केला, ऑर्डर अडवणं बंद केलं, आणि इशारे पूर्ण बंद करायचं बटण दिलं. मोठे मोठे सल्लागार पैसे घेऊन जे सांगत नाहीत ते त्या माणसाने स्वतःचा स्टँप लावून पाठवलं.

प्रतिस्पर्ध्याचं म्हणाल तर अक्षर वाचतो म्हणणं सोपं आहे, वाचायला माणूस लागतो. त्यांच्याकडे वाचायला आमचा पार्टनर, ज्याला मराठी चार कळत नाही ते सोडा, जर्मन लोकांचा एकचा आकडाही कळत नव्हता. दोन आठवड्यांची टर्न तीनवर गेली, मग पाचवर. चुकांच्या फ्री टर्न इतक्या झाल्या की पैसे देऊन खेळणारं कोणी राहिलं नाही. १९९८ ला बंद झाले, आणि खेळाडूंचे आगाऊ भरलेले पैसे बुडाले. हा मुद्दा कोणी काढत नाही. आमच्या सॉफ्टवेअरवर तीन तीन पानं लिहिणारे लोक स्वतःचे तीस पौंड बुडाले त्यावर एक ओळ लिहीत नाहीत. त्या वर्षअखेर बरेचजण परत आले, तोपर्यंत घरोघरी पीसी झाले होते, ईमेलही आलं होतं, आणि तेच सॉफ्टवेअर आता म्हणे फार सोयीचं. पार्टनरकडून ख्रिसमसला कार्ड येतं. आम्हीही पाठवतो, सेकंड क्लासच्या स्वस्त स्टँपने.

नंतरचं सरळ आहे. सगळ्या ऑर्डर ईमेलने शेवटच्या तासात यायला लागल्या, पूर्वी आठवडाभर थोड्या थोड्या यायच्या, म्हणून डेडलाइन रविवारी रात्रीची काढून मंगळवारी दुपारची केली, त्यावरही भांडण झालंच. एप्रिल २०१२ ला फर्स्ट क्लासचा स्टँप ४६ चा ६० पेन्स झाला तेव्हा अजून कागदावर खेळणाऱ्यांपैकी बहुतेक स्वतःहून वेबवर आले. सल्ला म्हणून सांगतो, कागद बंद करू नका, कागदाचा खरा खर्च बिलावर वेगळा दाखवा, माणूस आपला आपण हिशोब करतो. आणि आगाऊ पैसे दुसऱ्या खात्यात ठेवा, टर्न निघाली की मगच आपल्या खात्यात घ्या. आणि पार्टनरशिप कागदावर करा, भाऊ असला तरी.

स्वानसीचे गृहस्थ अजून खेळतात. ऑर्डर वेबवरून, पण रिपोर्ट कागदावर लागतो, तो आम्ही १० पानांतच बसवतो. वही हिच्याकडे आहे, मागूनही देत नाही.

नवा गेम पुढच्या महिन्यात सुरू होतोय, काही जागा शिल्लक आहेत. १९९६ ला सोडून गेलेल्यांपैकी ज्यांचं क्रेडिट आमच्याकडे पडून आहे ते आहे तसंच आहे, अकाउंट नंबर कळवा, मिळेल. नव्या गेममधे शिरायची स्टार्ट-अप फी मात्र पूर्ण पडेल.