जुन्या ट्रॅक्टरचं उतरवलेलं तेल पुन्हा वापरायचं ठरवलं तेव्हा

दोन जुने ट्रॅक्टर एकाच आठवड्यात उघडावे लागले. एकाच्या लिफ्टचं, म्हणजे अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचं काम होतं, दुसऱ्याच्या ब्रेकचं. दोन्ही कामांत ड्रेन प्लग, म्हणजे तळाचं बूच काढून तेल पूर्ण खाली घ्यावं लागतं. जुन्या ट्रॅक्टरमध्ये गिअर बॉक्स, डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) आणि हायड्रॉलिक लिफ्ट बहुधा एकाच तेलावर चालतात, त्यामुळे तेल लिटर-दोन लिटर नसतं. माझ्यासमोर जवळपास ४०-४० लिटरचे दोन ड्रम भरले.

पहिल्या ड्रममधलं तेल मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं होतं. दुसऱ्यातलं दुधाळ, पिवळसर पांढरं. पहिलं जाळीतून गाळून परत भरायचं आणि दुसरं टाकाऊ म्हणून बाजूला ठेवायचं, हे मी बघताक्षणी ठरवून टाकलं. मग वाटलं, एवढं तेल आहे, तपासून तरी बघू. दोन्ही तेलांबद्दल माझी समजूत अर्धीच होती, हे त्या तपासणीत कळलं.

सुरुवात नमुना घेण्यात चुकली. पहिला नमुना मी ड्रमच्या तळातून काढला आणि त्यात गाळच जास्त आला. नमुना घ्यायची योग्य वेळ तेल उतरवायच्या आधीची असते. ट्रॅक्टर अर्धा तास कामावर चालवायचा, तेल गरम आणि ढवळलेलं असताना प्लग काढायचा, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार कोरड्या, स्वच्छ बाटलीत धरायची. माझी ती वेळ निघून गेली होती. म्हणून ड्रम नीट ढवळले आणि मधल्या थरातून नव्याने नमुने घेतले. धुतलेली बाटली थोडी जरी ओली राहिली तरी पाण्याची तपासणी फुकट जाते, इतकी ती नाजूक असते.

पाणी तपासायला लोखंडी तवा साधारण १५० अंशांपर्यंत तापवला आणि त्यावर तेलाचा एकेक थेंब सोडला. डोळ्यांवर चष्मा लावूनच हे करावं, कारण तेल उडतं. उघड्या ज्योतीवर करू नये, विजेची शेगडी बरी. दुधाळ तेल जोरात तडतडलं, मधाच्या रंगाचं शांत राहिलं. ही चाचणी ०.१ टक्क्याच्या आसपासचं पाणी सहज पकडते, त्याहून फार कमी असेल तर थेंब गप्प बसतो. पाणी आलं कुठून, तेही सापडलं. गिअर लिव्हरच्या बुडाचं रबर फाटलेलं होतं. पाऊस आणि धुण्याचं पाणी लिव्हरवरून थेट आत उतरत होतं. ते रबर बदलल्याशिवाय कितीही चांगलं तेल भरलं तरी तेच होणार होतं.

नंतर घट्टपणा. बुडाला बारीक छिद्र असलेला एकच डबा वापरला, नवं आणि जुनं तेल एकाच पाण्याच्या टबात ठेवून सारख्या तापमानाला आणलं आणि ठरलेल्या खुणेपर्यंत खाली यायला किती सेकंद लागतात ते मोजलं. तापमान थोडं जरी इकडेतिकडे झालं तरी आकडे फसवतात, म्हणून प्रत्येक तेल ३ वेळा मोजलं. या तेलांत घट्टपणा टिकवणारी लांब साखळ्यांची रसायनं असतात. गिअरच्या दातांमध्ये सापडून त्या साखळ्या तुटत जातात आणि तेल पातळ होतं. नव्यापेक्षा १० टक्के फरक दिसला की मी सावध होतो, २० टक्के दिसला तर ते तेल परत भरत नाही. मधाच्या रंगाचं तेल नव्याच्या जवळ राहिलं. दुधाळ तेलाची मोजणी मी सोडून दिली, कारण पाणी मिसळलेलं असताना तिला अर्थ नसतो.

खरा धक्का बसला फिल्टर पेपरवर. दोन्ही तेलं थोड्या स्वच्छ रॉकेलमध्ये पातळ करून पांढऱ्या कागदातून गाळली. मधाच्या रंगाच्या तेलाचा कागद करडा पडला. भिंगातून पाहिलं तर पारदर्शक कण होते. काचेच्या दोन तुकड्यांमध्ये ते चोळले तेव्हा काचेवर ओरखडे उठले. ती वाळू होती. कागदाखाली चुंबक फिरवल्यावर काही काळे कण सरकले, ते लोखंड. पिवळी चमक असलेले कण हलले नाहीत, ते पितळेचे किंवा ब्राँझचे.

एवढी घाण असूनही ते तेल आरपार दिसत होतं. साध्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण दिसतच नाही. पंपाच्या आतल्या फटी मात्र त्याहून कितीतरी अरुंद असतात आणि नुकसान करणारे कण त्या फटींच्या मापाचेच असतात. त्यामुळे ‘तेल स्वच्छ दिसतंय’ या वाक्यावर माझा आता विश्वास नाही. लिफ्टचा पंप मी एकदा घासून गेलेला पाहिला आहे. त्याच्या आतल्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं की बारीक धुळीने काय केलंय ते समजतं.

घरच्या चाचण्यांची मर्यादा इथे संपली. दोन्ही नमुने तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथे पुन्हा एक चूक झाली, मी नव्या तेलाचा नमुना जोडला नाही. आम्लांक, म्हणजे तेल किती आम्लधर्मी झालंय त्याचा आकडा आला, झीज रोखणाऱ्या रसायनांतल्या जस्त-फॉस्फरसचे आकडे आले, पण तुलना कशाशी करायची? या तेलांत मिसळलेल्या रसायनांमुळे नव्या तेलाचा आम्लांकही शून्य नसतो, त्यामुळे तो मुळापासून किती वाढला हेच पाहायचं असतं. नव्या तेलाची बाटली मागाहून पाठवली, तेव्हा कुठे अहवाल वाचता आला.

तोपर्यंत दुधाळ तेल रुंद भांड्यात ६०-६५ अंशांवर मंद तापवून, ढवळत, पाणी उडवायला ठेवलं होतं. पुष्कळ तास लागले, पण दुधाळपणा गेला. तवाही गप्प झाला. मला वाटलं, हे तेल वाचलं. मग त्या सुकवलेल्या तेलाचा अहवाल आला. जस्त आणि फॉस्फरस नव्या तेलापेक्षा बरंच खाली, आम्लांक वर, तांबं जास्त. झीज रोखणारी जस्ताची रसायनं पाणी आणि उष्णता मिळाल्यावर मोडतात, आणि तांब्याचे कण तेलाचं ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे खराब होणं, आणखी वेगाने करतात. पाणी बाहेर पडलं होतं, पण ते आत असताना जे खाऊन गेलं ते परत येणार नव्हतं. शिवाय त्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले आहेत. घर्षण सांभाळणारी रसायनं कमी झाली तर तसे ब्रेक ओरडतात, थरथरतात. साध्या तपासणीत ती रसायनं नीट मोजली जात नाहीत. ब्रेकच्या बाबतीत मी अंदाजावर जाणार नाही. ते तेल वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे दिलं, त्यात रॉकेल किंवा ब्रेक ऑइल न मिसळता, कारण भेसळ झालेलं तेल पुन्हा शुद्ध करणं अवघड होतं.

मधाच्या रंगाच्या तेलाचं उलटं झालं. घट्टपणा ठीक, आम्लांक नव्याच्या जवळ, जस्त-फॉस्फरस शाबूत. धुळीची खूण असलेलं सिलिकॉन मात्र चढलेलं, आणि कणांची मोजणी आयएसओ ४४०६ या मानकाप्रमाणे २२/२०/१७, म्हणजे ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांचे तीन आकडे. या पद्धतीत आकडा एकाने वाढला की कण साधारण दुप्पट झाले असं धरतात. दोष सगळा बाहेरून आलेल्या धुळीचा होता, आणि तो गाळता येतो. या ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे असल्यामुळे तीही काळजी नव्हती. छोटा पंप आणि बारीक फिल्टर लावून तेल दोन दिवस फिरवत ठेवलं, मध्ये एकदा फिल्टर बदलला. पुन्हा मोजलं तेव्हा १८/१६/१३ आलं.

एक गोष्ट अहवालात बसत नव्हती. चुंबकावर मला लोखंडाचे ठसठशीत कण मिळाले होते, अहवालात लोखंड बेताचंच. प्रयोगशाळेत विचारल्यावर कळलं, धातू मोजणारं ते यंत्र ५-८ मायक्रॉनपेक्षा मोठे कण फारसे पकडत नाही. मोठे तुकडे चुंबकाने आणि कागदानेच शोधायचे. म्हणून भरण्याआधी टाकीचा तळ पुसला, शोषणाऱ्या बाजूची जाळी धुतली, ड्रेन प्लगवरचं चुंबक साफ केलं. धूळ शिरत होती ती ब्रीदरमधून, म्हणजे टाकीत हवा ये-जा करण्याच्या तोंडातून, त्याची जाळी कधीच गळून गेली होती. नवा ब्रीदर बसवला आणि मगच तेल भरलं.

५० तास चालवून पुन्हा नमुना घेतला, या वेळी गरम तेलाच्या मधल्या धारेतून. घट्टपणा जागेवर आहे, सिलिकॉन वाढलेलं नाही. लिफ्ट वजन धरून ठेवते, आधीसारखे झटके देत नाही. पुढची बाटली तारीख आणि तास लिहून तयार ठेवली आहे, १०० तासांना भरायची.