जिनची पारख साध्या पाण्यात

दुकानात जिनच्या बाटल्या आता इतक्या प्रकारच्या दिसतात की निवड बहुधा लेबलावरच्या चित्रावरून होते, आणि घरी आणलेली बाटली थेट टॉनिकमध्ये, म्हणजे कडसर-गोड सोड्यात, ओतली जाते. मला ही पद्धत पटत नाही. टॉनिकमध्ये क्विनिन या सिंकोनाच्या सालीतल्या औषधाचा कडूपणा असतो, तो सौम्य करण्यासाठी घातलेली बरीच साखर असते, वर बर्फाचा गारठा आणि लिंबाची फोड. एवढ्या गर्दीत साधारण जिन आणि उत्तम जिन यांतला फरक कळणे अवघड असते. म्हणून नवी जिन चाखताना मी ती लहान वाइनच्या पेल्यात घेते, बर्फ घालत नाही, आणि जितकी जिन तितकेच साधे पाणी घालते. जिनचा सुगंध ज्या तेलांत असतो ती तेले अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात, पाण्यात विरघळत नाहीत. त्यामुळे पाणी घातले की ती सुटी होऊन नाकापर्यंत पोहोचतात आणि अल्कोहोलचा झणका कमी होतो. एखादी जिन पाणी घातल्यावर किंचित दुधाळ होते. तो दोष नव्हे, तिच्यात तेलांचे प्रमाण भरपूर असल्याची ती खूण आहे.

या पेल्यात मी सर्वांत आधी जुनिपर शोधते. जिन म्हणजे मुळात धान्यापासून वा मळीपासून काढलेले, स्वतःची चव जवळजवळ नसलेले मद्य, ज्याला जुनिपरच्या निळसर फळांचा स्वाद दिलेला असतो. युरोपीय नियमानुसार जुनिपरचा स्वाद प्रमुख असल्याशिवाय आणि अल्कोहोल किमान ३७.५ टक्के असल्याशिवाय त्या मद्याला जिन म्हणता येत नाही. ‘लंडन’ हा शब्द लेबलावर लावायचा तर अट अधिक कडक होते: सारा स्वाद नैसर्गिक वनस्पतींसह केलेल्या ऊर्ध्वपातनातूनच यावा लागतो, नंतर रंग वा अर्क घालता येत नाही आणि साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ती लंडनमध्येच बनली पाहिजे असे मात्र बंधन नाही.

जुनिपरचा वास देवदार-चीडच्या डिंकासारखा, हिरवा आणि थोडा तिखट असतो. त्यानंतरचे बहुतेक घटक आपल्या मसाल्याच्या डब्यातलेच आहेत. धने तर जवळपास प्रत्येक जिनमध्ये असतात, आणि गंमत अशी की आमटीत ज्या धन्यांचा वास आपल्याला खमंग वाटतो तेच धने ऊर्ध्वपातनातून गेल्यावर लिंबाच्या सालीसारखा ताजा सुगंध देतात. वेलची, दालचिनीच्या जातीची कॅशिया, मिरी, जायपत्री, ज्येष्ठमध हे पुढचे मानकरी. मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या नाकाला जिन ओळखायला वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या निवडीत बॉम्बे सफायर आता नसते, आणि हे मुंबईच्या नावाला जागून सांगणे थोडे जड जाते. १९८७ मध्ये बाजारात आलेली ही निळ्या बाटलीतली जिन इंग्लंडमध्ये, हॅम्पशर परगण्यात बनते. मुंबईशी तिचा संबंध नावापुरता आणि ब्रिटिश राजवटीच्या आठवणीपुरता. तिचे दहा घटक मद्यात उकळत नाहीत, तर जाळीच्या टोपल्यांत ठेवून त्यांच्यामधून मद्याची वाफ सोडली जाते, म्हणून ती हलकी आणि फुलासारखी लागते. चांगली जिन आहे. पण पाण्याच्या पेल्यात तिच्यातले जुनिपर मला मागच्या रांगेत बसल्यासारखे वाटते.

आपल्याकडे कैक वर्षे जिन म्हणजे ब्लू रिबँड ही देशी बाटली आणि तिच्या जोडीला लिम्का, एवढीच कल्पना होती. शिवाय ‘जिन हे बायकांचे पेय’ असा एक समज होता (तो अजून पुरता गेलेला नाही), ज्याला आधार काहीच नाही, कारण भारतीय जिन आणि भारतीय व्हिस्की दोन्हींमध्ये अल्कोहोल सहसा ४२.८ टक्केच असते. चित्र बदलले ते २०१७ पासून, गोव्यात बनलेली ‘ग्रेटर दॅन’ आली तेव्हा. पाठोपाठ त्याच मंडळींची ‘हपुसा’ आणि दुसऱ्या एका गोवेकर भट्टीतली ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ आली. या तिघींपैकी माझी आवडती कोणती, याचे उत्तर मी पेयानुसार देते, पण एकच बाटली ठेवायची वेळ आली तर ग्रेटर दॅन. ती लंडन पद्धतीची आहे, जुनिपर पुढे, मागे धने, आले, बडीशेप आणि गवती चहा. कोणत्याही मिश्रणात ती हरवत नाही आणि तिघींत स्वस्तही आहे. हपुसामध्ये हिमालयातले जुनिपर आहे, त्याचा वास ओल्या मातीकडे झुकणारा, जोडीला हळद, आंबा आणि बंगाली गंधराज लिंबू. तिच्यात टॉनिक घालणे मला उधळपट्टी वाटते. एक मोठा बर्फाचा तुकडा पुरे. स्ट्रेंजर अँड सन्समध्ये मिरी आणि लिंबूवर्गीय साली बोलतात, आणि तिचा उपयोग मी पुढे सांगते.

गोव्यात याच बाटल्या बऱ्याच कमी किमतीत मिळतात, म्हणून परतीच्या प्रवासात त्या गाडीत भरण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. महाराष्ट्राचा अबकारी कायदा त्याला परवानगी देत नाही, आणि इथे मद्य बाळगायला व प्यायलाही परवाना लागतो, जो काढणे मुळीच कठीण नाही.

आता टॉनिक. मलेरियापासून वाचण्यासाठी ब्रिटिश सैनिक कडू क्विनिन जिनमध्ये मिसळून पीत आणि त्यातून हे पेय जन्मले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. कागदोपत्री मात्र वेगळा माग सापडतो: बाटलीबंद टॉनिकचे पेटंट १८५८ मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँडने घेतले, आणि जिन-टॉनिकचा आजवर सापडलेला सर्वांत जुना छापील उल्लेख १८६८ च्या, भारतातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या वर्णनातला आहे. म्हणजे औषधापेक्षा मौजेचाच भाग अधिक. आजच्या टॉनिकवर मलेरियाचा उपचार करायचा तर दिवसाला वीस लिटरहून अधिक प्यावे लागेल, कारण अमेरिकेच्या नियमानुसार लिटरमध्ये क्विनिन साधारण ८३ मिलिग्रॅमच असू शकते.

माझे प्रमाण ६० मिलि जिनला १२० मिलि टॉनिक, फार तर १५०. पेला काठोकाठ बर्फाने भरावा. कमी बर्फ घातला तर पेय पातळ होणार नाही असे वाटते, प्रत्यक्षात दोन-चार तुकडे भराभर वितळतात आणि भरलेला पेला थंड राहतो. टॉनिक आधीपासून फ्रिजमध्ये असावे, लहान बाटलीतले असावे, आणि ते पेल्याच्या कडेने हळू ओतून एकदाच ढवळावे. लिंबू पिळू नये. सालीचा पातळ काप पेल्यावर मुरडला की त्यातले तेल वर पसरते, तेवढे पुरते. मुंबईच्या स्वामी कंपनीचे टॉनिक मला आवडते, विशेषतः कमी साखरेचे.

जिमलेट या जिन-लिंबाच्या कॉकटेलसाठी बाजारी हिरवे लाईम कॉर्डियल (लिंबाचे गोड सरबती मिश्रण) न आणता मी कागदी लिंबांची साल किसून साखरेत काही तास मुरवते, मग तिला तेल सुटल्यावर त्यात लिंबांचाच रस घालून गाळते. ६० मिलि जिनला यातले ३० मिलि, बर्फासह जोरात हलवून, लहान पेल्यात.

आणि स्ट्रेंजर अँड सन्ससाठी कोकमाचे आगळ. अमृत कोकम चालणार नाही, ते गोड असते. आगळ म्हणजे मिठातला घट्ट रस, तो चहाचा एक चमचा घ्यावा, जिन ४५ मिलि, वर सोडा, आणि हवी तर हिरव्या मिरचीची एक उभी चीर. मिरीचा तिखटपणा, कोकमाचा आंबट-खारटपणा आणि सालींचा सुगंध इतका जुळतो की तळलेल्या बांगड्याबरोबर मला दुसरे काही नको असते. आगळात मीठ पुरेसे असते, वरून घालू नये.

निग्रोनी या कॉकटेलमध्ये जिन, काम्पारी (कडू, लाल इटालियन मद्य) आणि लाल व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) समान भागांत जातात, आणि काम्पारी इतकी दांडगी आहे की तिच्यापुढे हपुसा खर्ची घालण्यात अर्थ नाही. तिथेही ग्रेटर दॅनच. मार्टिनी (जिन आणि व्हर्मूथचे कॉकटेल) मात्र मी घरी क्वचित करते, कारण तिला लागणारे पांढरे व्हर्मूथ ही वाइनच असते, फोडलेली बाटली फ्रिजमध्येही महिनाभरात मावळते, आणि एवढ्या मार्टिनी पिणारे माझ्या घरी कोणी नाही.